मागची चाकं

शुक्रवारी पहाटे, सोहारच्या बंदरामागे,
बंद पडलेल्या गोदामाच्या डांबरी पटांगणावर
जुमा पाण्याचा टँकर फिरवून ठेवतो.
ऊन यायच्या आत जेवढं ओलं राहील
तेवढाच माझा तास.

गाडी आठ सिलिंडरची, काळी, तिसऱ्या हाताची.
विकणाऱ्याने किल्ली धरून ठेवत विचारलं होतं,
मॅडम, मिस्टर कधी येतील?
मी सही केली.

पहिल्या दिवशी पेडल नखभर जास्त दाबलं
आणि मागची चाकं पुढच्यांना ओलांडून निघाली.
काचेतून टँकर गेला, क्रेन गेली, समुद्र गेला,
पुन्हा टँकर.
जाळी सुटल्यावर भोवऱ्याला काय दिसत असेल
ते मला त्रेचाळिसाव्या वर्षी दिसलं.

जुमा हसला नाही.
पूर्वी रॅलीच्या गाड्या दुरुस्त करायचा तो,
डाव्या हाताला तीनच बोटं,
हिंदी कुठल्याशा गलबतावर उचललेली.
"आँख से नहीं," म्हणाला, "कमर से सुनो."

मी दिवसभर प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या लावते,
तिथे सगळा कारभार डोळ्यांचा.
कमरेला कान फुटायला सात शुक्रवार लागले.

आता कळतं.
टायर सुटायच्या आधी सीटखाली काहीतरी हलकं होतं,
दूध उतू जायच्या आधी साय थरथरते तसं.
तेव्हा पाय झटकन उचलला की संपलंच,
सगळं वजन पुढे धावतं, मागचं वाऱ्यावर.
घाबरून सोडायचं नाही.
घाबरून दाबायचंही नाही.
जिकडे शेपूट पळतंय तिकडे स्टिअरिंग,
नजर मात्र जिकडे जायचंय तिकडे.

हे शेवटचं अवघड.
पटांगणात खांब एकच आहे, दिव्याचा,
दिवाही नाही त्याला.
त्याच्या बुंध्यावर माझ्या गाडीचा काळा रंग आहे,
मी त्याच्याकडे पाहिलं होतं म्हणून.

आणि सावरली म्हणून श्वास सोडावा
तर ती दुसऱ्या बाजूने फटका मारते.
दिलेलं स्टिअरिंग वेळेत परत घ्यावं लागतं.
हे जुमाने सांगितलं नव्हतं.
सांगून कळलंही नसतं.

आज वाऱ्याने वाळू आणून टाकली होती,
ओल्यावर कोरडं, कोरड्यावर ओलं.
तेलाच्या पिंपाभोवती मी तिला आडवी धरली,
एक फेरी, दुसरी,
तिसरीत पिंप खिडकीबाहेर नुसतं उभं होतं
आणि बाकीचं सगळं सोहार फिरत होतं.
हात इतके सैल
की कुणी चहाचा कप दिला असता तर घेतला असता.

थांबले तेव्हा जुमा वाकून टायर बघत होता.
"दोन जुम्मे और," म्हणाला, "फिर नया लगाओ."

घरी परतताना राउंडअबाउटवर
इंडिकेटर देऊन, चाळीसच्या वेगाने वळते मी.
मागचा हॉर्न वाजवतो.
वाजवू दे.
कमर ऐकत असते.