शेवंडी वर येतात

पहाटे टुयाकुला दार वाजवते, हातात बादली.
"ऊठ. शेवंडी चालत आल्यात."
वॉल्विस बेच्या किनाऱ्यावर धुकं असं,
की आधी वास येतो, समुद्र मागाहून:
नासक्या अंड्यांचा, ओल्या काडेपेटीचा.
माझ्या कानातली चांदी रात्रीतून काळवंडली आहे.

पाणी विटलं की असं होतं.
तळाशी कुजण्याचं काम वाढतं,
प्राणवायू संपतो,
गंधकाने समुद्र ताकासारखा पांढरट होतो
आणि ज्यांना पाय आहेत ते निघतात.
माशांना पाय नाहीत.

दिवसा मी प्रयोगशाळेत कवचं वेचते.
वाळूच्या कणाएवढी घरं, एकपेशी जिवांची,
मालक जाऊन पाच कोटी वर्षं झाली.
ओला कुंचला, त्याला शेवटचे तीन केस.
एका कुपीत पाचशे.
मोजताना शिंकायचं नाही.
कवचाच्या भिंतीत चिमूटभराहूनही कमी नत्र अडकलेलं असतं,
मला पगार त्याचा.

नत्र दोन वजनांचं, हे समजायला मला तीन आठवडे लागले.
टुयाकुलाला तीन मिनिटं.
ती तेव्हा उत्तरेहून आणलेलं महांगूचं पीठ चाळत होती.
म्हटलं, प्राणवायू सरला की काही जीवाणू
नत्राच्या क्षारावर श्वास घेतात.
त्यातलं हलकं आधी उचलतात.
"कोण नाही उचलत?" ती म्हणाली, आणि चाळणी आपटली.
वर भरड उरली.
तीच पुढे कवचाच्या वाट्याला येते.
जड कवच म्हणजे गुदमरलेलं पाणी.
हलकं, तर त्या काळी समुद्राला श्वास पुरत होता.

गेल्या हिवाळ्यात दूरच्या महासागरातून पेट्या आल्या.
तो काळ उष्ण, उत्तर ध्रुवाजवळ ताडाची झाडं असण्याइतका.
सगळ्यांनी जड आकड्यांची वाट पाहिली.
हलके आले.
यंत्राला दोष दिला. मग माझ्या हातांना.
पुन्हा पाचशे वेचली, पुन्हा हलके.
त्या उन्हात समुद्राचा तो तुकडा श्वास घेत होता.
का?
वारा मंदावला असेल, खालचं पाणी कमी वर आलं असेल,
खाणं कमी, कुजणं कमी.
असेल.
फळ्यावर सात बाण आहेत आणि दोन प्रश्नचिन्हं,
सफाईवालीला पुसू नको असं सांगितलं आहे.

एका पेटीत नऊ कोटी वर्षांपूर्वीचा थर होता.
काळा, चकचकीत, बोटांना शाई लागावी तसा.
तिथे माझ्या कामाची कवचंच नव्हती.
मी झाकण लावलं.

लाझारस मामा जाळं शिवताना ऐकत होता.
"मग तापलं तरी चालतंय की."
मामा, ते तापायला लाखो वर्षं लागली.
"आणि आता?"
मी मासळी कारखान्याच्या कॅलेंडरकडे बघितलं.
त्यानंही बघितलं, मग सुतळी दातांनी तोडली.

आपल्याच बंदराबाहेरच्या गाळात
मोत्यांच्या माळांसारखे जीवाणू राहतात,
नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढे.
पोटात नत्राची शिदोरी बांधून
महिनोन् महिने पुढच्या वादळाची वाट बघतात.
एकदा मी काचेवर त्यांच्याकडे बघत
माझा श्वास किती टिकतो ते मोजलं.
एक्केचाळीस.

आज वाळूवर शेवंडींची रांग,
मिशा हलताहेत, पाय अजून चालताहेत,
कुठे ते त्यांना ठाऊक नाही.
सगळं गाव बादल्या घेऊन आलंय, कुणी हसत नाही.
टुयाकुला भरभर वेचते. तिला चार पोरं आहेत.
मी एक उचलली, गुडघाभर पाण्यात गेले,
सोडून दिली.

बादली घ्यायला वळले
तर ती माझ्या आधी
वाळूवर आली होती.