विलंबमाफीचा अर्ज

भाच्याने तीन आणली, लॅपटॉपवर ओळीने उघडली.
निळं : वर्षाला अकरा हजार, जीएसटी वेगळा.
हिरवं : साडेचार हजार, पण पन्नासच फायली.
तिसरं फुकट, आणि वरून
प्रत्येक रिटर्नमागे एक स्क्रॅचकार्ड.
"मामा, यंदा ठरवूनच टाका.
अजून पेन्सिलीनंच करून राहिले तुम्ही!"

गांधीबाग. कापडाच्या दुकानावरचा माळा.
एकतीस जुलैला आठ दिवस.
कूलर चालू आहे, पण या महिन्यात तो हवा देत नाही,
नुसते कागद दमट करतो;
फॉर्म सोळा बोटाला चिकटून वर येतो.

कसोटीला घेतली निखाडे सिस्टरची फाईल.
जुन्या पद्धतीची, सरळ. मेडिकलमधली नोकरी,
भविष्य निर्वाह निधी, पोस्टातलं थोडं व्याज.
नऊ वर्षं मीच भरतो. फी पाचशे,
आणि सोबत बोरकुटाची एक बाटली :
माझं स्क्रॅचकार्ड, न खरवडता मिळणारं.

निळं म्हणालं, परतावा चार हजार तीनशे दहा.
हिरवं म्हणालं, चार हजार तीनशे दहा.
पेन्सिलही तेच म्हणाली.
मी चष्म्यावरून भाच्याकडे पाहिलं :
अकरा हजारांत जास्त काय भेटलं, सांग बाप्पा?
"सतरा मिनिटं," तो म्हणाला.
खोटं नव्हतं.

फुकटवालं मात्र रेंगाळत होतं.
जन्मतारीख विचारली, आवडता सण विचारला,
मग मध्येच, एका हसऱ्या चेहऱ्याखाली :
*तुमच्यावर कोणी अवलंबून आहे का?*
*हो. नाही. नंतर सांगेन.*

भाचा 'नाही' दाबणारच होता.
सिस्टर रात्रपाळीवरून थेट आलेल्या,
खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या.
त्या तशाच म्हणाल्या, "हाये ना जी. विलास."

कोण विलास?

"भाऊ. लहानपणापासून तसाच आहे तो.
शर्टाची बटणं लागत नाही त्याले, पैसे समजत नाही.
माझ्याशिवाय कोण आहे त्याचं?
तुम्ही कधी विचारलं नाही.
मला वाटलं, इथं हे सांगायचं नसते."

कलम ऐंशी डीडी. झोपेतून उठवलं तरी सांगेन.
पंचाहत्तर हजारांची वजावट, त्यावर वीस टक्के,
वर चार टक्के उपकर : पंधरा हजार सहाशे.
पेन्सिलीने आकडा आपसूक लिहिला,
मग त्याला आठने गुणायला निघाली.
मी ती खाली ठेवली.

नंतर शोधलं, निळ्यातही होता तो प्रश्न.
चौदाव्या पानावर, 'इतर' नावाच्या बाणाखाली मिटलेला.
माझ्याकडे तर बाणही नव्हता.
नऊ वर्षं मी विचारलं : चहा घेता का?
पॅन आणलं का? यंदा बोरं कशी होती?

मागच्या वर्षांसाठी एक अर्ज असतो,
विलंबमाफीचा. मंजूर होतो, होतही नाही.
त्यात कारण लिहावं लागतं.
'करदात्याला माहिती नव्हती' असं लिहितात लोक.
सल्लागाराने विचारलं नाही, असं
आजवर कोणाच्या अर्जात वाचलं नाही मी.

सिस्टरने पर्समधून प्रमाणपत्र काढलं,
बसच्या सवलतीसाठी कायम जवळ असलेलं,
लॅमिनेशन कोपऱ्यांत पिवळं पडलेलं.
साठ टक्के, सहीशिक्क्यासकट.

इतक्यात फुकटवाल्याने फटाके उडवले :
*अभिनंदन! पिझ्झ्यावर वीस टक्के सूट!*
"त्याले आवडते," सिस्टर म्हणाल्या,
आणि तो कोड तळहातावर लिहून घेतला,
दोनदा ताडून, औषधाच्या डोससारखा.

"मग मामा, कोणतं घ्यायचं?"

मी प्रमाणपत्र स्कॅन करत होतो.
प्लास्टिकवर उजेड पडायचा, आणि फोटोच्या जागी
प्रत्येक वेळी एक पांढरा चौकोन यायचा.
थांब, म्हटलं. आधी याचा चेहरा येऊ दे.