साधी गाठ

हेल्मेटचा पट्टा आधी बोलला.
डाव्या भुवईच्या वर, बोटभर अंतरावर,
दिवसाअखेर एक लाल वळ.
मी पट्टा एक भोक सैल केला. मग आणखी एक.
मग भोकंच संपली.

सोहारच्या साइटवर टोपीशिवाय फाटकात घेत नाहीत.
सेफ्टीवाला रोडेल म्हणाला, घाडी, डोकं वाढतंय की काय तुझं?
सगळे हसले. मीही.
रात्री, कुंजुमोन घोरत असताना,
अंगठ्याने दाबून पाहिलं:
हलत नव्हतं. दुखतही नव्हतं,
आणि त्याचीच भीती वाटली.

लहानपणी टेंगूळ आलं की आई
रुपया दाबून धरायची.
हे रुपयाला दाद देणारं नव्हतं.

डॉक्टर रहमाने पडद्यावर माझी कवटी दाखवली,
काकडीसारखी, चकत्या चकत्या.
"हाडच आहे," ती हिंदीत म्हणाली, "जास्तीचं.
वरच्या थरावर बसलंय, आत शिरलेलं नाही."
पंधरा वर्षं मी संगमरवर घासतोय.
किती कठीण असेल, ते मला रंगावरूनच कळलं.

विमावाल्यांनी लिहिलं: सौंदर्यासाठी. पैसे नाहीत.
सौंदर्य! माझं!
फोनवर प्रमिला इतकी हसली
की शेवटी रडायलाच लागली.
मग रोडेलनेच कागद केला:
हा माणूस टोपी घालू शकत नाही,
टोपीशिवाय कामावर येऊ शकत नाही.
खाली फोटो. मी, पट्टा, वळ.
शिक्का बसला.

चीर केसांच्या आत दिली.
भूल तेवढ्याच जागेची, बाकी मी सगळा हजर.
आधी छिन्नीने एक कपचा, तो बाटलीत, तपासणीला.
मग यंत्र सुरू झालं आणि मी ओळखलं.
हिऱ्याची घासणी, वरून थेंब थेंब पाणी,
हाड तापू नये म्हणून.
हात कुठे जड पडतोय, कुठे उचललाय,
सगळं कवटीतून ऐकू येत होतं.
राहवलं नाही. म्हटलं, "कडा मारा, डॉक्टर,
नाहीतर बोटाला लागेल."
यंत्र थांबलं.
मग तेवढीच जागा पुन्हा, हलक्या हाताने.

नवव्या दिवशी कागद आला: साधी गाठ.
हा शब्द मी प्रमिलाला दोनदा वाचून दाखवला.

पट्टा पुन्हा तिसऱ्या भोकावर आलाय.
तेवढं कपाळ मात्र अजून बधिर आहे.
उन्हात घाम सुटतो
आणि भुवईत उतरेपर्यंत
मला पत्ता नसतो.