पट्टा न बांधता

फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं:
फोटो ठेवायचं भाडं वाढलंय,
तीस दिवसांत भरलं नाही तर दार बंद.
दार कुणाचं, फोटो कुणाचे,
हे पत्रात नव्हतं.

एकेचाळीस हजार फोटो.
त्यातले निम्मे तरी एंडेलने काढलेले फ्लाउंडर मासे,
धुरात टांगलेले, एकासारखा एक.
मी क्वचित. तीही बहुधा पाठमोरी.

ग्रंथालयातला राइडो म्हणाला,
दुसरे प्रोग्रॅम आहेत, पैसे पडत नाहीत.
मी म्हटलं, फुकटचा कोंबडा
पहाटे आरवल्याचं आमच्या बेटावर ऐकिवात नाही.
तो हसला. फुकट नव्हे हो, मोकळे.
आतलं सगळं उघडं, कुणीही बघावं,
कुणीही दुरुस्त करावं.
या दोन शब्दांतलं अंतर कळेपर्यंत
माझा अर्धा मफलर विणून झाला.

मग त्याने तीन आणून दाखवले.
पहिल्यात इतकी बटणं, इतके काटे,
की फेरीबोटीच्या इंजिनघरात उतरल्यासारखं झालं.
दुसरा देखणा, पण आल्या आल्या
सगळे फोटो उचलून स्वतःच्या पेटीत भरायला निघाला.
तिसरा गबाळा. पण त्याने कशाला हात लावला नाही,
जे जिथे होतं तिथेच राहू दिलं.

तिघांना मी एकच विचारलं:
उद्या जायचं म्हटलं तर जाता येईल?

हे मी एंडेलकडून शिकले.
समुद्र गोठला की कुइवास्तूहून विर्त्सूला
बर्फावरून गाडी जायची,
आणि त्या रस्त्यावर पट्टा बांधायचा नसतो.
बर्फ फुटला तर सुटायला वेळ नको जायला.

तिसऱ्यात बाहेर पडायचं बटण होतं.
फक्त आमच्या भाषेत कुणीतरी त्यावर
‘पाठवा’च्या जागी ‘हाकलून द्या’ लिहिलं होतं.
मी राइडोला सांगितलं, त्याने कुठेतरी कळवलं.
वसंतात नवी आवृत्ती आली, त्यात माझा शब्द.
मैमू कोण, हे कुणी विचारलं नाही.

चेहरे मात्र तो रोज विचारतो. ही कोण?
बत्तिसाव्या वर्षीची मी,
आणि तो खाली सुचवतो माझ्या लेकीचं नाव.
एका माशालाही चेहरा समजला.
मी तिथे ‘एंडेल’ लिहिलं.
पुसलं.
परत लिहिलं.

काल तो एक फोटो उघडला,
लीवीने मागच्या सीटवरून काढलेला, आठ वर्षांची असताना.
समोर पांढरंफटक बर्फ,
आमची दोघांची डोकी काळी, बाकी काही नाही.
सावल्यांची पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवली.
आधी गिअर दिसला. मग माझी लोकरी बाही.
मग दोन सीटच्या मध्ये त्याचा उजवा हात,
माझ्या पट्ट्याच्या खाचेवर पालथा ठेवलेला,
सवयीने मी अडकवीन म्हणून.

अकरा किलोमीटर तो एका हाताने गाडी चालवत होता
आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

मूळ फोटो तसाच आहे, काळा.
किती उजेड मागितला, तेवढीच नोंद
शेजारी एका चिमुकल्या फाइलमध्ये.
ती पुसली की पुन्हा दोन डोकी आणि बर्फ.

डिस्कची एक प्रत बटाट्याच्या तळघरात,
एक लीवीकडे, ओउलूला.
कंपनीचं दुसरं पत्र आलंय.
अजून उघडलं नाही.