पहिली नोंद

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळी-लिलावाच्या कचेरीत
रान्वा जुना फोल्डर उघडते.
आत लिलाव. लिलाव_नवा. लिलाव_शेवटचा.
लिलाव_शेवटचा_खरंच.
लिलाव_हात_लावू_नका.

अकरा वर्षं येग्वान एकटाच लिहीत होता हे,
कॉडचे भाव, हॅडॉकची वजनं,
आणि धास्तीपोटी दर शुक्रवारी एक प्रत.

एडिटरच्या कडेला बटण आहे.
ती दाबते.
तीनशे बारा फायली हिरव्या होतात,
आज सकाळीच जन्मल्यासारख्या,
आणि नोंदीपुढे नाव तिचं.

हे काही खरं नाही, ती पुटपुटते.
बाहेर ट्रॉलर रिकामा होतोय,
बर्फाची खोकी घसरतायत.

पासवर्डांची फाइल ती आधी वगळते.
मग चारशे सहाव्या ओळीपाशी थबकते:
‘हे का चालतं ठाऊक नाही. काढलं की बोटी यादीतून हरवतात.’
खाली सही, नुसतं ‘ये’.

ती ओळ ती तशीच ठेवते.

निरोपाच्या चौकटीत कर्सर लुकलुकतो.
‘सुरुवात’ लिहिते. खोडते.
लिहिते: येग्वानने इथवर आणलं.
इथून पुढच्या चुका माझ्या,
तारखेसकट.