माप

सुभाषनगरात तिसऱ्या बोळाच्या तोंडाशी मी स्कूटी लावते
आणि आक्काताई दारातच गाठतात मला.
हाताला कणीक, आवाज अगदी खाली:
"त्यास्नी कायबी बोलू नका हं सिस्टर.
अल्सर हाय म्हटलंय आमी."

आत बाजेवर दत्तोबा शिंगे,
भिंतीला पाठ, पोटाशी उशी घट्ट.
आक्काताई चहाला आत वळल्या की
एकाच गालानं हसतात:
"मला ठावं हाय म्हून तिला सांगू नका.
घाबरट हाय ती."

दीड खोलीचं घर.
मधे जुन्या साडीचा पडदा.
एकच शब्द पडद्याच्या दोन्ही अंगांना
श्वास धरून उभा
आणि मी दोन्हीकडचा चहा पिते.

पिशवीत गॉज, हातमोजे, एनिमा,
मॉर्फिनच्या गोळ्या, मोजून, रजिस्टरात सही करून.
दर चार तासांनी, मी सांगते.
कळ दारात यायची वाट बघायची नाही.
रात्री दोनचा गजर लावा.
"सवय लागंल की अण्णास्नी," मुलगा कुजबुजतो, पोपट त्याचं नाव,
चाळिशीचा माणूस, नखं कुरतडत.
झोपेची सवय लागू दे त्यांना, मी म्हणते,
ती मोडून तीन महिने झाले.

पाय दाबून बघते.
अंगठा उचलला तरी खड्डा तसाच.
दत्तोबा वाकून निरखतात,
दुसऱ्या कारागिराचं काम निरखावं तसे.
"वल्लं चामडं असंच वागतंय.
बोट उमटलं की उमटलं."
बेचाळीस वर्षं बाभळीच्या सालीचा वास नखांत.
त्यांच्या हातची कापशी घालून माणूस निघाला
की आधी करकर पोचायची, मग माणूस.

दुखणं दहापैकी किती, मी विचारते.
"दहाचं कळत न्हाई मला. आण्यांत सांगतो.
सोमवारी रुपयाभर हुतं.
आज तीन आणे."

त्या तीन आण्यांच्या दुपारी
ते उठून बसले. पेन्सिल मागितली.
पोपटनं कॅलेंडरचं मागचं पान फाडून दिलं.

"आके, पाय आण."

आक्काताईंच्या पायात निळी रबरी स्लीपर,
बंद सेफ्टी पिनेनं टाचलेला.
गावाला चपला घातल्या ह्या घरानं.
"आता कशाला वो?"
"आता न्हाई तर कवा?"

कुणीच काही बोललं नाही.
बाहेर कुणीतरी ऐरणीवर तळ ठोकत होतं, तेही थांबलं,
किंवा मला तसं वाटलं.

आक्काताईंनी भेगाळलेला पाय कागदावर ठेवला.
दत्तोबा बाजेवरून ओणवे झाले. मी कोपर धरायला गेले,
त्यांनी ते झटकलं.
टाचेपासून सुरुवात. रेघ थरथरत,
पंचगंगेनं शिंगणापूरकडं वळावं तशी वळत करंगळीपाशी आली.
"पाऊण बोट सैल धर रं," पोपटला म्हणाले,
"सांजचा पाय फुगतोय तिचा."
"तुमास्नी काय ठावं?"
"ऐकतोय की. चुलीपासनं मोरीपतूर."

मग आक्काताईंनी विचारलं,
खाली बघतच, पाय तसाच ठेवून,
"कवापासनं ठावं हाय तुमास्नी?"

"हलू नगंस," दत्तोबा म्हणाले.
"अंगठा ऱ्हायलाय."

मी कापूस शोधायला स्कूटीकडं गेले.
कापूस पिशवीतच होता.

रात्री दोनला फोन वाजला आणि माझे हात गार पडले.
"सिस्टर, गजर झाला. गोळी काढून बसलेय.
पर उठवू का नको?
लई दिसानं घोरायल्यात."

द्यायलाच हवी होती गोळी.
मीच शिकवलं होतं.
दोन मिनिटांनी उठवा, मी म्हटलं,
आणि तोवर फोन जरा त्यांच्याजवळ धरा.