२ ए

मुहर्रकच्या धावपट्टीमागे आमचं स्वयंपाकघर.
बाहेर सेहेचाळीस, आत स्वेटर.
एका पाळीत नऊ हजार ट्रे
आणि खिडकी एकही नाही.
विमान उडालं हे आम्हाला चमच्यांवरून कळतं,
टेबलावर पडल्या पडल्या किणकिणतात.

मंगळवारी रात्री यादी आली.
पहिला वर्ग, २ ए, एल्डर मर्लिन टॅगार्ट.
चहा नको, कॉफी नको, वाइन नको,
रम घातलेला केक तर नकोच नको.
शिहाबभाई म्हणाला, मग हा माणूस
पहिल्या वर्गात बसून करणार काय?
सगळे हसलो.
रोव्हेना हसली नाही.
चांगले असलेले हातमोजे काढून तिनं नवे घातले
आणि तो ट्रे स्वतःकडे ओढला.

मॉर्मन आहे ती, इलोइलोची.
शुक्रवारी त्यांची प्रार्थना असते
पाटी नसलेल्या एका व्हिलात.
पगार एकशे ऐंशी दिनार. त्यातले अठरा
आधी बाजूला. मग भाडं, मग पोरगा,
मग ती.
टॅगार्ट त्यांच्यातला फार वरचा. शुक्रवारी बोलून गेला,
पुढच्या दोन रांगांशी हात मिळवले.
ती सातव्या रांगेत होती.

मी विचारलंच. जीभ फलटणची, तिला दम निघत नाही:
तुझे अठरा ह्याच्या खुर्चीत गेले का गं?
काटा पुसता पुसता म्हणाली, नाही.
तो पूर्वी एका विमान कंपनीच्या बोर्डावर होता.
जुनी ओळख. खुर्ची आपोआप पुढे सरकते.
चर्चचा पैसा नाही त्यात.
हे ती दोनदा म्हणाली.
आणि कंपनीला कोण देतं?
ती म्हणाली, ट्रे मोज.

मोजले.
सवलतीचं तिकीट मलाही आहे,
दोन वर्षांतून एकदा, जागा उरली तर.
गेल्या खेपेला उरली नाही.
बहिणीचं लग्न मी गेट अकराच्या बाकावर फोनमध्ये पाहिलं.
ऐन अक्षतांच्या वेळी
कुणाचा तरी फेटा मधे आला.

आमच्या काकानं महानुभावांचा उपदेश घेतला होता.
महंत यायचे एस.टी.नं, तिकीट स्वतःचं स्वतः काढून.
काका हे चार गावांत सांगायचा.
कंडक्टर ड्रायव्हरमागच्या सीटवर
आधीपासून रुमाल टाकून ठेवायचा,
हे मात्र सांगत नसे.
मी विसरलोच होतो तो रुमाल. निळा होता,
कडेला तेलाचा डाग.

गुरुवारी परतीचे गाडे आले.
२ ए चा कागद अजून ट्रेला चिकटलेला.
माणूस टापटिपीचा, नॅपकिनची चौघडी,
पावाची कडा तेवढी ठेवलेली.
आणि कपाच्या तळाशी एक तपकिरी कडं.

मी ते पाहिलं,
आणि तिनं ते पाहिलेलंही पाहिलं.
हॉट चॉकलेट असेल, मी म्हणालो.
पेयांची यादी मीच भरतो.
हॉट चॉकलेट तिच्यात नसतं.
शेजारच्याचा कप असेल, मी म्हणालो.
हवाईसुंदरीनं उभ्या उभ्या घोट घेतला असेल.
माझीच जीभ आता त्या माणसाची वकिली करत होती
आणि ती गप्प.

तो कप तिनं मशीनच्या पट्ट्यावर सोडला नाही.
नळाखाली धरला,
अंगठ्यानं घासला, पुन्हा घासला,
उजेडाकडे करून पाहिला,
मग इतर कपांत ठेवून दिला. त्यातला कुठला,
आता विचाराल तर मला सांगता येणार नाही.

एक तारखेला, पगार झाल्यावर,
लॉकरच्या दाराआड ती नोटा मोजत होती.
दहा, पाच, एक, एक,
इतक्यात आत चमचे किणकिणले.
ती थांबली.
किणकिण ओसरेस्तोवर उभी राहिली
आणि परत सुरुवातीपासून,
दहा.
पाच.